गोष्टीला साक्षीला बोलावताना: पो, जिवंत दफन आणि माझ्या प्रकरणातली एक चूक

संशोधन आराखडा लिहायला बसलं की एक वाक्य हाताखालून आपोआप उतरतं. ‘तत्कालीन साहित्यात तत्कालीन समाजाचं प्रतिबिंब पडलेलं दिसतं.’ माझ्या आराखड्यात ते दोनदा होतं. कमिटीत कोणी हरकत घेतली नाही, कारण ते सगळ्यांच्याच आराखड्यात असतं. पण याच वाक्याने मला पुढे गोत्यात आणलं. कसं, ते आज सांगते. तुम्ही इतिहासात काम करणार असाल आणि कथा-कादंबऱ्या साधनं म्हणून वापरायचा विचार असेल, तर हे आत्ताच ऐकून ठेवा. मला ते दुसऱ्या प्रकरणाच्या खर्ड्यानंतर कळलं.

माझा विषय थोडक्यात असा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘माणूस मेला’ हे कोण ठरवत होतं, कशावरून ठरवत होतं, आणि त्या ठरवण्याबद्दलची भीती छापील कागदावरून कशी फिरली. या विषयात एडगर ॲलन पोची ‘द प्रीमॅच्युअर बरिअल’ ही कथा टाळून पुढे जाताच येत नाही. ३१ जुलै १८४४ ला फिलाडेल्फियाच्या ‘डॉलर न्यूजपेपर’मध्ये ती छापून आली. नावातच विषय आहे: वेळेआधीचं दफन, म्हणजे जिवंतपणी पुरलं जाणं. कथेच्या पहिल्या भागात चार हकिकती आहेत आणि त्या अगदी बातमीच्या थाटात सांगितल्या आहेत. बाल्टिमोरच्या एका प्रतिष्ठिताची बायको; फ्रान्समधली १८१० सालची एक तरुणी; जर्मन वैद्यकीय नियतकालिकाचा हवाला देऊन सांगितलेला एक तोफखान्यातला अधिकारी; आणि १८३१ सालचा लंडनचा एक वकील. मी यातल्या दोन उचलल्या आणि खाली लिहिलं: ‘जिवंत गाडलं जाण्याची भीती या काळात सर्वदूर पसरली होती, याची साक्ष पो देतो.’

मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले. ‘कथा शेवटपर्यंत वाचलीस?’

वाचली होती हो. पण कशी वाचली होती, तर मंडईत भाजी निवडावी तशी. जे माझ्या प्रकरणात बसतं ते पिशवीत, बाकीचं तिथेच. त्या संध्याकाळी पुन्हा वाचली आणि कानशिलं गरम झाली. कारण कथा ज्याची थट्टा करते, नेमकं तेच मी केलं होतं.

थट्टेकडे येण्याआधी भीतीचा खरा भाग सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल की हे सगळंच वाचकांना घाबरवण्यासाठी रचलेलं थोतांड होतं. तसं नव्हतं. पॅरिसमधले शरीरशास्त्रज्ञ जाक-बेनिन्य विन्स्लो यांनी १७४० मध्ये लॅटिनमध्ये एक प्रबंध मांडला. मृत्यूची नेहमीची लक्षणं, म्हणजे थंड पडलेलं अंग, न लागणारी नाडी, न दिसणारा श्वास, ही खात्रीची नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांनी जाँ-जाक ब्रुइये नावाच्या डॉक्टरांनी तो फ्रेंचमध्ये आणला आणि त्यात स्वतःची भर घातली. भर कसली, तर किश्शांची. कबरीत उठून बसलेल्या बायका, अंगठी चोरायला आलेल्या चोरामुळे जागे झालेले ‘मृत’, अशा ऐकीव गोष्टी त्यांनी वैद्यकीय पुस्तकात नेऊन बसवल्या. १७५२ मध्ये सर्जन अंत्वान लुई यांनी उत्तर दिलं की लक्षणं पुरेशी खात्रीची आहेत, अंगाची ताठरता बघा. पण कंटाळवाण्या उत्तराला वाचक किती मिळणार? ब्रुइयेंचे किस्से भाषांतरांतून देशोदेशी गेले.

त्यात काळ असा की जगणं आणि मरणं यांतली रेघ खरोखरच पुसट होत होती. बुडालेल्यांना शुद्धीवर आणण्यासाठी लंडनमध्ये १७७४ मध्ये एक संस्था निघाली, तीच पुढे रॉयल ह्युमेन सोसायटी. म्हणजे कालपर्यंत ज्याला मेला म्हणत होते, त्यातला एखादा आज उठून बसत होता. १८०३ मध्ये जोव्हान्नी अल्दिनी यांनी न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर विजेचा प्रयोग केला. जबडा हलला, एक डोळा उघडला. १८३२ मध्ये कॉलरा अमेरिकेत पोचला. साथीत प्रेतं लवकर पुरायची घाई असते, आणि कॉलऱ्याचा रोगी मरणाआधीच प्रेतासारखा दिसायला लागतो. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मरताना आपल्या सेक्रेटरीला बजावलं होतं की मेल्यावर तीन दिवस तरी तळघरात ठेवू नका. म्हणजे भीती खरी होती, आणि शहाण्यासुरत्या माणसांना होती.

आणि या भीतीची किंमत नेहमी घाबरणाऱ्यानेच मोजली असंही नाही. १७७२ मध्ये मेक्लेनबुर्ग-श्वेरीनच्या ड्यूकने हुकूम काढला की ज्यूंनी मृत्यूनंतर तीन दिवस थांबल्याशिवाय दफन करायचं नाही. ज्यू धर्मात मृताला त्याच दिवशी पुरण्याचा दंडक. समाजाने तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांच्याकडे धाव घेतली. त्यांनी ड्यूकसाठी अर्ज लिहून दिला, पण समाजाला खासगीत सांगितलं की थांबायला हरकत नसावी, जुन्या काळी आपल्यातही गुहेत ठेवून पाहत असत. रब्बी याकोब एम्डेन यांना हे मुळीच पटलं नाही आणि वाद पेटला. डॉक्टरांच्या पुस्तकातून आलेली शंका, तीस वर्षांत एका अल्पसंख्य समाजाच्या मयतीपर्यंत आली होती. आपल्याकडे साधारण दिवसाच्या आतच सगळं उरकतात. बाहेरून कोणी येऊन ‘तीन दिवस थांबा’ म्हणालं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काय होईल, याची कल्पना करून बघा.

तर १८४४ मध्ये ‘डॉलर न्यूजपेपर’ उघडणाऱ्या वाचकाच्या डोक्यात हे सगळं आधीच होतं. त्याच्या एकच वर्ष आधी, १८४३ मध्ये, बाल्टिमोरच्या ख्रिश्चन आयझेनब्रँट यांनी एका ‘जीवरक्षक’ शवपेटीचं पेटंट घेतलं होतं. आतल्या माणसाने डोकं किंवा हात जरासा हलवला तरी स्प्रिंगने झाकण उघडेल अशी तिची रचना. पोच्या कथेतही स्प्रिंगचं झाकण आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवता येतात. एकीतून दुसरी काढता येत नाही. हा फरक मला पूर्वी कळत नव्हता. ‘याच काळात’ असं लिहिलं की कार्यकारणभाव सिद्ध झाला असं वाटायचं.

आता कथा.

सुरुवातीलाच निवेदक म्हणतो की काही विषय इतके भयंकर असतात की कल्पित कथेत ते आणूच नयेत. ते खरे असतील तरच सहन होतात. पहिला डाव इथेच पडतो. कथालेखक कथेच्या पहिल्याच परिच्छेदात सांगतो की यावर कथा लिहू नये. मग तो ‘खऱ्या’ हकिकती सांगतो. वाचक सावरून बसतो, कारण आता बातमी चालू आहे असं त्याला वाटतं. त्या चार हकिकती तुम्ही एका बैठकीत वाचा आणि वाक्यांकडे लक्ष द्या. स्वर कोरडा, तपशील भरपूर, कुठे हळहळ नाही. पंचनामा वाचतोय असं वाटतं. पहिल्या हकिकतीत कुटुंबाचं तळघर तीन वर्षांनी उघडतात तेव्हा पांढऱ्या कपड्यातलं काहीतरी नवऱ्याच्या अंगावर येतं. लेखक तिथे किंचाळत नाही, शांतपणे सांगाड्याची जागा सांगतो. वातावरण तयार होतं ते या शांतपणातून.

मग स्वर बदलतो. निवेदक स्वतःबद्दल बोलायला लागतो. त्याला एक आजार आहे, कॅटलेप्सी. अंग ताठ होतं, शुद्ध जाते, श्वास जेमतेम चालतो. इथे वाक्यं लांबत जातात, स्वप्नं येतात. एका स्वप्नात कोणीतरी त्याचं मनगट धरून त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या उघड्या कबरी दाखवतं, आणि शांत झोपलेल्यांपेक्षा तळमळणारेच जास्त दिसतात. तो मित्रांकडून शपथा घेतो की अंग सडायला लागल्याशिवाय पुरायचं नाही. तळघर आतून उघडेल असं करून घेतो, हवा आणि उजेड येईल अशी सोय, पेटीजवळ अन्न-पाणी, पेटीला गादी, स्प्रिंगचं झाकण, आणि छताला टांगलेल्या घंटेची दोरी प्रेताच्या हाताला बांधायची. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ‘तत्कालीन तंत्रज्ञानाचा उल्लेख’ म्हणून पिवळ्या रंगाने रंगवली होती. ती यादी हास्यास्पद होईपर्यंत लांबवलेली आहे, हे तेव्हा दिसलंच नाही.

एके दिवशी त्याला जाग येते. अंधार. हनुवटी बांधलेली, मेलेल्याची बांधतात तशी. दोन्ही बाजूंना लाकूड. हात वर केला तर चेहऱ्यापासून वीतभरावर लाकूड. ओल्या मातीचा वास. हात चाचपतो, घंटेची दोरी नाही. पेटीला गादी नाही. म्हणजे आपण परगावी, परक्या माणसांत असताना झटका आला आणि त्यांनी आपल्याला साध्या खोक्यात घालून कुठल्यातरी निनावी खड्ड्यात पुरलं. इतक्या खर्चाची सगळी तयारी, आणि ती नेमकी जिथे नाही तिथे तो सापडला. तो जीव खाऊन ओरडतो.

आणि उत्तर येतं. ‘काय रे, काय झालं?’ अशा अर्थाचं, वैतागलेल्या आवाजात. चार दांडगे खलाशी त्याला गदागदा हलवतात. तो रिचमंडजवळ जेम्स नदीवर शिकारीला गेला होता, रात्री वादळ आलं, किनाऱ्याला एक छोटं गलबत उभं होतं, त्यात त्याने आसरा घेतला. झोपायची फळी अठरा इंच रुंद, वरची फळी तेवढ्याच अंतरावर. नेहमीची रात्रीची टोपी नव्हती म्हणून डोक्याला रेशमी रुमाल बांधला होता. आणि मातीचा वास? गलबतात बागेसाठीची माती भरलेली होती.

हे कळल्यावर निवेदक बरा होतो. कायमचा. घराबाहेर पडतो, व्यायाम करतो, मोकळी हवा घेतो. वैद्यकीय पुस्तकं टाकून देतो. त्या काळी घरोघरी असलेलं बकनचं घरगुती वैद्यकाचं पुस्तक जाळतो. स्मशानावरच्या उदास कविता बंद, आणि बागुलबुवाच्या गोष्टीही बंद, ‘ही’ गोष्ट धरून. आजार गेला तो त्याच्याबरोबरच. तेव्हा त्याला वाटतं की त्या झटक्यांमुळे भीती वाटत होती असं नसून बहुधा भीतीमुळेच झटके येत होते.

आता माझं वाक्य पुन्हा वाचा. ‘याची साक्ष पो देतो.’ अहो, पोचा निवेदक साक्ष फिरवतोय! वाचून वाचून माणूस घाबरला, आणि वाचणं सोडल्यावर बरा झाला, असं सांगणाऱ्या कथेचा पहिला अर्धा भाग मी ‘लोक घाबरत होते’ याचा पुरावा म्हणून लावला होता.

इथे शब्दाबद्दल थोडं. आयरनीला आपण ‘उपरोध’ म्हणतो आणि तिथे गडबड होते, कारण उपरोध म्हटलं की टोमणा आठवतो, कोणीतरी कोणाला मारलेला. संस्कृत अलंकारांतली व्याजोक्ती किंवा व्याजस्तुती आपण शाळेत पाठ केलेली असते, पण तीही एका वाक्यापुरती. या कथेत एकही वाक्य टोमण्याचं नाही. प्रत्येक वाक्य निवेदक मनापासून बोलतो. उपरोध आहे तो दोन भागांच्या मध्ये. अर्धी कथा वाचली तर तो असतच नाही. म्हणून उतारा काढून पुरावा लावणाऱ्याच्या हाताला तो कधीच लागत नाही. आपल्या कामाची सगळी पद्धतच उतारे काढण्याची आहे, ही खरी अडचण.

दुसरी एक गोष्ट मला मदतीला आली ती बी.ए.ला रट्टा मारून पाठ केलेल्या रसविचारातून. भय हा स्थायीभाव, भयानक हा रस. गल्लीत कुत्रं मागे लागलं तर भय. नाटकात राक्षस आला तर भयानक. दुसऱ्यात आपण खुर्चीवर सुरक्षित असतो आणि पैसे देऊन घाबरायला आलेले असतो. वॉशिंग्टन यांनी मरताना सांगितलं ते भय. ‘डॉलर न्यूजपेपर’च्या वाचकाने वाचलं ते भयानक. आणि पोचा निवेदक हा असा माणूस आहे की ज्याने रस वाचला आणि त्याला भाव समजून बसला. मी हे जसंच्या तसं प्रबंधात लिहिणार नाही, भरतमुनींना फिलाडेल्फियात नेऊन उभं करणं अंगाशी येईल. पण स्वतःला समजायला उपयोग झाला.

मग प्रश्न आला: ही थट्टा पोच्या मनात होती, की आज मी ती वाचतेय? व्हायवाला हा प्रश्न येणारच. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो, आणि तो सुदैवाने आहे. स्कॉटलंडमध्ये १८१७ पासून ‘ब्लॅकवुड्स’ नावाचं मासिक निघत होतं. त्यात एक ठरावीक साचा चालायचा: माणूस भयंकर संकटात सापडतो आणि त्या क्षणाच्या संवेदना बारकाईने सांगतो. घंटेखाली अडकलेला माणूस, आकसत जाणाऱ्या लोखंडी कोठडीतला माणूस, आणि १८२१ मध्ये जिवंत पुरला गेलेला माणूस. नोव्हेंबर १८३८ मध्ये पोने बाल्टिमोरच्या एका मासिकात या साच्याची टर उडवणारा लेख-कथा जोड छापला. पुढे तो ‘हाऊ टू राइट अ ब्लॅकवुड आर्टिकल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात संपादक एका होतकरू लेखिकेला सल्ला देतात की कुठल्यातरी भलत्या संकटात पडा आणि काय वाटलं ते टिपून ठेवा, आणि नमुना म्हणून जिवंत पुरलेल्याच्या कथेचं कौतुकही करतात. बाई सल्ला मानतात. एका मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या काट्याखाली त्यांची मान सापडते, ती हळूहळू कापली जाते, आणि त्या शेवटपर्यंत संवेदना टिपत राहतात. मुंडकं खाली पडल्यावरसुद्धा.

म्हणजे १८४४ च्या सहा वर्षं आधी पोला हा साचा पूर्ण माहीत होता, त्याची थट्टा करून झाली होती, आणि तरीही त्याने मध्यंतरी तोच साचा गंभीरपणे वापरून ‘द पिट अँड द पेंड्युलम’सारखी कथा लिहिली होती. हे दोन्ही एकाच माणसाचं काम. शिवाय एप्रिल १८४४ मध्ये, म्हणजे आपल्या कथेच्या साडेतीन महिने आधी, न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्रात त्याने फुग्यातून अटलांटिक ओलांडल्याची खोटी बातमी खरी म्हणून छापवली होती. बातमीच्या थाटाला लोक किती सहज भुलतात, याचा ताजा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

आणि आता तो तपशील, जो मी भारतातून वाचत असल्यामुळे मला टोचायला हवा होता आणि पहिल्यांदा टोचला नाही. कल्पनेपेक्षा सत्य भयंकर असतं हे सांगताना निवेदक खऱ्या संकटांची यादी देतो: लिस्बनचा भूकंप, लंडनचा प्लेग, आणि त्यातच कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’मध्ये गुदमरून मेलेले १२३ कैदी. हा आकडा कुठून आला? जॉन झेफनाया हॉलवेल हा त्या रात्रीतून, म्हणजे २० जून १७५६ च्या रात्रीतून, वाचलेला कंपनीचा अधिकारी. त्याने १७५८ मध्ये छापलेल्या वृत्तांतात १४६ आत गेले आणि २३ वाचले असं म्हटलं. १९१५ च्या सुमारास जे. एच. लिटल यांनी हा वृत्तांतच बनावट असल्याचं मांडलं. १९५९ मध्ये इतिहासकार ब्रिजेन गुप्ता यांनी आकडे तपासून आत गेलेल्यांची संख्या ६४ च्या आसपास आणली. घटना घडली, माणसं मेली. पण १२३ हा आकडा एका माणसाच्या लेखणीतून निघाला आणि साम्राज्याला सोयीचा असल्यामुळे टिकला. १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी हॉलवेलचं स्मारक हटवण्यासाठी आंदोलन पुकारलं ते उगाच नाही.

तर पोचा निवेदक म्हणतो, या गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच अंगावर येतात. आणि ‘खऱ्या’च्या यादीत हा आकडा. पोला हे माहीत असण्याचा प्रश्नच नाही, इथला उपरोध त्याने घातलेला नाही. तो इतिहासाने घातला. पण तुम्ही-आम्ही वाचताना तो दिसायलाच हवा, कारण नेमका आकडा, साल, गाव दिलं की आपणही विश्वास ठेवतो. मी त्या लंडनच्या वकिलाच्या हकिकतीवर ठेवलाच होता ना? १८३१ साल, प्रेतचोरांनी उकरून काढलेला देह, विजेच्या बॅटरीचा झटका, आणि टेबलावरून उठून ‘मी जिवंत आहे’ म्हणणारा माणूस. प्रेतचोरी खरी होती, बॅटरीचे प्रयोग खरे होते. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये तो उठून बसलेला वकील मी न तपासता आत घेतला.

पो म्हटलं की आपण भाबडेपणाने वाचतो, त्यालाही एक इतिहास आहे. ७ ऑक्टोबर १८४९ ला पो गेला आणि दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावाने एक विखारी मृत्युलेख आला. लेखक रूफस ग्रिस्वोल्ड. पुढच्या वर्षी पोच्या लेखनाचा संपादक म्हणून त्यानेच चरित्रात्मक लेख छापला, त्यात पोच्या पत्रांत खाडाखोड करून स्वतःच्या सोयीची वाक्यं घातली. आर्थर हॉब्सन क्विन यांनी १९४१ च्या चरित्रात मूळ पत्रं शेजारी ठेवून ही बनवाबनवी उघड केली. पण तोवर जवळजवळ शतक गेलं होतं, आणि ‘पो म्हणजे त्याच्याच कथांमधला तो झपाटलेला माणूस’ हे समीकरण पक्कं झालं होतं. झपाटलेला माणूस थट्टा करत नाही, असं आपण गृहीत धरतो. मग थट्टा दिसत नाही.

इतकं सगळं समजल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. नव्या खर्ड्यात लिहिलं की ही कथा म्हणजे भीतीचं विडंबन आहे, बस्स. मॅडमची पेन्सिल पुन्हा आली. ‘शेवटचा परिच्छेद?’

खरंच की, कथा बरं होण्याशी संपत नाही. बागुलबुवाच्या गोष्टी सोडल्याचं सांगून झाल्यावर आणखी एक छोटा परिच्छेद आहे, आणि त्यात स्वर पुन्हा काळोखा होतो. कबरीबद्दलच्या या सगळ्या भीती केवळ मनाचे खेळ नाहीत, असं तो म्हणतो. ऑक्सस नदीवरून अफ्रासियाबबरोबर निघालेल्या राक्षसांसारखं त्यांना झोपवून ठेवायला हवं, नाहीतर त्या आपल्याला खातील. म्हणजे हसून झाल्यावर दार पुन्हा किलकिलं होतं. निवेदक खरंच बरा झालाय, की बरं झाल्याचा बहाणा करतोय? मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मला वाटतं कथेलाही ते ठरू द्यायचं नाही.

प्रत्यक्षातही हसण्याने काही संपलं नाही. स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके ऐकून मृत्यू ठरवावा हे युजीन बूशू यांनी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये मांडलं, त्यांना त्यासाठी बक्षीसही मिळालं. तरी १८६८ मध्ये नेवार्कच्या फ्रान्झ व्हेस्टर यांनी घंटा आणि शिडी असलेल्या शवपेटीचं पेटंट घेतलं. जर्मनीत प्रेतगृहं होती, बोटांना दोऱ्या बांधून पहारेकरी रात्रभर बसायचे. तिथून कोणी उठून घरी गेल्याची खात्रीलायक नोंद नाही. १८९६ मध्ये लंडनमध्ये जिवंत दफन रोखण्यासाठी चक्क एक संस्था निघाली. त्यांच्या प्रचारात पुन्हा तेच ब्रुइयेंच्या वळणाचे किस्से.

माझं ते एक वाक्य आता साडेतीन पानं झालंय. त्यात ‘साक्ष’ हा शब्द नाही. कथा ‘भीती होती’ हे सिद्ध करत नाही. भीती कोणत्या साच्यातून विकली जात होती आणि विकत घेणाऱ्यालाही ते कळत होतं, एवढं दाखवते, असं मी मांडलं आहे. चार हकिकतींपैकी एकही पुरावा म्हणून आता प्रकरणात नाही.

खर्डा परवा परत आला. बहुतेक पानं कोरी, म्हणजे पास. फक्त गलबताच्या प्रसंगाजवळ बारीक अक्षरात लिहिलंय: ‘रात्री माती वाहणाऱ्या त्या चार खलाशांना पुरायला किती खर्च यायचा? त्यांच्यासाठी स्प्रिंगचं झाकण कोण करत होतं?’ ग्रंथालयातून बाल्टिमोरच्या दफनखर्चाबद्दल काही मिळतंय का, ते सोमवारपासून बघणार आहे.